फिरत्या घराची ओल

टायरलाही जन्मतारीख असते. त्याच्या कडेवर ‘डीओटी’ने सुरू होणारी अक्षरांची एक ओळ कोरलेली असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. ३६१६ असेल तर तो २०१६ सालच्या ३६व्या आठवड्यातला. तिथी नाही, वेळ नाही, तेव्हा पत्रिका मांडता येत नाही. पण वय कळतं. मिशिगनमध्ये पुतण्याबरोबर जुनं मोटारहोम बघायला गेलो, तेव्हा पाहिलेले टायर नक्षीने कोरेकरकरीत होते आणि वयाने बाद. ही गाडी धावून झिजत नाही, उभी राहून म्हातारी होते. रबराला भेगा पडतात, महिनोन्‌महिने न चालवलेला जनरेटर रुसतो, छताच्या सांध्यांवरचा लेप सुकून तडकतो. साध्या मोटारीबद्दल ‘फारशी चालली नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं. इथे तेच ऐकून पुतण्याचा चेहरा पडला. जग बघायला घेतलेलं घर दारातच उभं राहून खंगलेलं होतं, पांघरूण घेतलेल्या देवमाशासारखं.

गाडीला ‘घर’ मी उगाच म्हणत नाही. झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि शौचालय एवढं असलं, की अमेरिकेचं आयकर खातं मोटारहोमलाही घर मानतं, आणि कर्जाच्या व्याजावर सवलतही मिळू शकते. या कसोटीवर गिरगावातल्या चाळीतली आमची खोली नापास झाली असती, कारण तिसरी सोय गॅलरीच्या टोकाला होती आणि ती सगळ्या मजल्याची होती. सात माणसं त्या खोलीत सुखाने राहिली. आपण घरात राहत नाही हे आम्हांला कुणी सांगितलंच नाही.

पुतण्याची तयारी मात्र जय्यत. इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, गारच असू द्या, असं त्याने गाडीच्या मालक आजी-आजोबांना बजावलं होतं; गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवून त्याने खात्री केली. फ्रिज आदल्या दिवशीच लावायला सांगितला होता, कारण गॅसवर चालणारा हा फ्रिज गार व्हायला तासन्‌तास घेतो. आत ज्योत जळते, तिच्या उष्णतेने अमोनिया खेळता राहतो आणि त्यातून बर्फ होतो, हे मला चार वेळा समजावूनही पटलेलं नाही. मग तो गाडीखाली शिरला. हिवाळ्यात बर्फ वितळवायला तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ सांगाड्याचं लोखंड खातं.

मी आत गेलो आणि नाकाने काम सुरू केलं. पुतण्याजवळ ओल मोजायचं यंत्र होतं. पण चाळीतले पावसाळ्याचे चार महिने ज्याने काढले, त्याला यंत्र लागत नाही. आमच्या भिंतीवर दर आषाढात एक नवा खंड उगवायचा, आणि पाहुणे यायचे म्हटलं की आई त्यावर कालनिर्णय टांगायची. इथेही पलंगाच्या उशाशी, डोळ्यांना सोयीचं नाही अशा उंचीवर, एक कॅलेंडर होतं. तेही दोन वर्षांपूर्वीचं. मी ते हळूच उचललं. मागे तपकिरी डाग, आणि भिंत पाण्यात भिजलेल्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी बोटाखाली दबली.

“तुम्हांला फसवायला नाही हो लावलं,” दारातून आजीबाई कुजबुजल्या. “त्यांना दिसू नये म्हणून लावलं.” छत गळतंय कळलं असतं, तर आजोबा त्याच मिनिटाला शिडी चढले असते, आणि आदल्याच वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन हिवाळे त्या माउलीने गळकं छत सांभाळलं, पण नवरा जमिनीवर ठेवला.

कुजबूज आजोबांनी ऐकलीच. डाग पाहिला, बायकोकडे पाहिलं, आणि काही न बोलता गॅरेजमधून शिडी आणि लेपाची नळी घेऊन आले. पुतण्याने भाव पाडण्यासाठी पाठ केलेलं भाषण तोंडातच राहिलं. त्याने आजोबांच्या हातातली नळी काढून घेतली आणि अजून न घेतलेल्या गाडीच्या छतावर चढला. “झरोक्याच्या पुढच्या कोपऱ्यात बघ, तिथेच असणार!” आजोबा खालून ओरडत होते, आणि प्रत्येक सूचनेगणिक एक पाय पहिल्या पायरीवर टाकत होते. मी शिडी धरून उभा होतो, आणि आजीबाई आजोबांना.