लागंल कधीतरी

मावळात गावागावाला एक देऊळ, एक तालीम आणि एक मिस्त्री असतो. देवळाचा जीर्णोद्धार होतो, तालमीला वर्गणी मिळते. मिस्त्रीच्या भंगारानं भरलेल्या आवाराचा विषय मात्र ग्रामसभेत फक्त ‘गावाची शोभा’ या सदराखाली निघतो. दहावीच्या गणिताशी मिस्त्रीचं कधी जमलं नाही, पण भाताच्या मळणीत आचके देणारं इंजिन बांधावरून ऐकून ‘नोझल गेलाय’ असं तो सांगतो, आणि नोझलच गेलेला असतो.

एवढा माल आला कुठून? निम्मा घाटानं दिला. २००२ साली एक्स्प्रेस-वे पुरा होईपर्यंत मुंबई-पुण्याचे ट्रक लोणावळ्यावरूनच चढत-उतरत. कुणाचे ब्रेक जळत, कुणाचा गिअरबॉक्स ओरडायला लागे. गाडी कशीबशी पुढे जाई, सुटे भाग मागे राहत. पुढे मुंबईकरांचे बंगले उठले आणि त्यांचे जनरेटर अन् पाण्याच्या मोटारी दाराशी येऊ लागल्या. लोणावळ्याकडचा वर्षाचा चार हजार मिलिमीटरचा पाऊस या सगळ्यावर कोसळतो. गंजाचं विचारावं तर उत्तर तयार : “वरवरचा हाय ओ. आत लोखंड जित्तं हाय.”

बारीक माल चिक्कीच्या रिकाम्या डब्यांत. ‘शेंगदाणा’मध्ये नट-बोल्ट, ‘राजगिरा’मध्ये वायसर, ‘काजू’मध्ये कार्बोरेटरचे जेट, भाव बघूनच वाटणी केलेली. डबा कुठला, हे फक्त त्याला ठाऊक. मालकिणीनं एकदा सणाला डबे घासून पालथे घातले, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. तिची तुळस मागचं अंगण सोडून आता ट्रकच्या रिममध्ये वाढते, आणि म्हैस अॅक्सलला बांधलेली असते. “लेकीच्या लग्नाला मांडव घालाया जागा ऱ्हायली न्हाई,” हे ती येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर देते.

माणसं याच्या ध्यानात राहत नाहीत, यंत्रं राहतात. आपण नाव-गाव सांगावं तर कोरा चेहरा. आजोबांचं इंजिन म्हटलं की लगेच, “म्हंजी ते डाव्या हातानं हँडल मारायचे, त्यांचं नातू व्हय!” वडिलांची चेतक नंबर लावून किती वर्षांनी मिळाली, ती तिरकी केल्याशिवाय किक का घेत नव्हती, हे घरच्यांपेक्षा त्याला जास्त माहीत. तिचं पुढचं चाक सध्या एका हातगाडीखाली आहे, हेही तो अभिमानानं दाखवतो. आपल्या दिवंगत नातेवाइकांचे अवयव तालुकाभर कुणाकुणाला बसवलेत, याची नोंद तलाठ्याकडे नाही, इथं आहे.

कोपऱ्यात खडकीच्या कारखान्याचं जुनं किर्लोस्कर इंजिन आहे. पाहुणा आला की ते चालू करून दाखवणं हा पाहुणचार. गार पडलेलं असलं तर हवेच्या तोंडाशी चिंधी पेटवून धरायची, वरची कळ उचलायची, हँडल गरगर फिरवायचं आणि वेग आला की कळ सोडायची. एक ठोका, दुसरा ठोका, मग धूर, आणि शेजारच्या दोरीवरचे कपडे काढायला धावणारी शेजारीण. इंजिनाला काम काहीच नसतं. “चालू ऱ्हायला पायजे,” एवढंच.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली आणि २०२२ साली आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली, ही बातमी भाच्यानं मोबाइलवर दाखवली. मिस्त्रीनं व्हिडिओ दोनदा बघितला. किक मारून चारचाकी सुरू होते, यावर मान डोलावली. मग म्हणाला, “समदं ब्येस. पर हातची गाडी द्यायची कशाला?”

जमिनीचे एजंट अधूनमधून येतात. गुंठ्याचा भाव ऐकून गावातले भले भले चळले, हा नाही. मागे एक एजंट पांढऱ्या गाडीतून उतरला, सातबाऱ्याचं बोलायला लागला, तर याचं लक्ष गाडीकडे. “पुढचं डावं बेअरिंग वाजतंय.” दुपारभर एजंट इस्त्रीच्या शर्टात पाना-हातोडा देत उकिडवा बसला. बेअरिंग बदलून झालं, पैसे दिले, तेव्हा त्यानं भीतभीत विचारलं, “मग जागेचं काय, मिस्त्री?”

मिस्त्रीनं काढलेलं बेअरिंग रॉकेलमध्ये बुचकळून पुसत म्हटलं, “आता ह्ये तुमचंच ठिवाया जागा नगं का?”