ऐकलंत का, साहेबांची गाडी पुन्हा बंद!

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातली गाडी आज पुन्हा बंद! नवी बॅटरी टाकून आठवडासुद्धा झाला नाही. मी आपली तुळशीला पाणी घालत होते... म्हणजे घालून झालं होतं, पण उभी होते तिथेच. जरा इकडे या ना भिंतीशी, तिकडे ऐकू जातं.

थंडी तरी काय पडलीय हो! निफाडच्या पाऱ्याचा आकडा वाचलातच ना? माझ्या भावाच्या द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटताहेत. मग साहेबांनीही सगळं खापर थंडीवरच फोडलं. गेल्या सोमवारी किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक. लगेच दुकानात फोन. तो दुकानदारही असला... मीटर नाही, काही नाही, "थंडीनं बसली साहेब," म्हणाला आणि नवी बसवून मोकळा. जुनी आठशे रुपयांत उचलली. वहिनी बिचाऱ्या सांगत होत्या, "अहो, गाडी चालू असतानाही तो बॅटरीचा लाल दिवा पेटलेला असतो." तर साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? "तुला गाडीतलं काय कळतं?" पाहुण्यांदेखत हो!

तर काय सांगत होते... आज सकाळी परत टक-टक. आमच्या ह्यांनी आपली गाडी नेऊन शेजारी लावली, जंपर द्यायला. साहेब ऐटीत चारही चिमटे बॅटऱ्यांनाच लावायला निघाले. तेवढ्यात एक बॅटरीवाला पोरगा आला, ओरडलाच, "काका, थांबा! शेवटची काळी वायर बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला. बॅटरीजवळ ठिणगी नको." हायड्रोजन निघतो म्हणे तिच्यातून. साहेबांचा हात तसाच अधांतरी. आमचे हे मिशीत हसत होते, मी पाहिलं ना.

पोराने आधी मीटर लावला. 11.7 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.6 दाखवते म्हणे. "काका, नवी बॅटरी उपाशी कशी?" साहेब म्हणाले, "अरे, थंडी..." पोरगं कसलं ऐकतंय! म्हणालं, थंडीत बॅटरीचा जोर घटतो, शून्य अंशाला जवळपास एक तृतीयांश जातो, वर ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरतं, सगळं कबूल. पण आपल्याकडच्या बॅटऱ्या मे महिन्याच्या उन्हातच खंगतात, डिसेंबरात नुसत्या उघड्या पडतात. आणि ही तर आठवड्याची!

मग गाडी चालू केली, जंपर काढला, पुन्हा मीटर. चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा हवेत. इथे 12.1, आणि आकडा खालीच चाललेला. "गाडी नुसती बॅटरी खातेय, भरत कुणीच नाहीये," म्हणाला. गाडी बंद करून त्याने बॉनेटखाली अंगठा दाबला, तर अल्टरनेटरचा बेल्ट हा असा ढिला! रोज सकाळी ती किंचाळी ऐकू यायची ना आपल्याला? मी तर ह्यांना म्हटलं होतं, त्यांच्याकडचा मिक्सर गेलाय.

वहिनींनी तिथल्या तिथे विचारलं, "म्हणजे तो लाल दिवा त्याचाच का रे?" "हो काकू, चार्जिंग होत नाही म्हणूनच पेटतो तो." अहो, साहेबांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही! पोपट झाला अगदी. वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि पोराला चहा घेऊन आल्या. फक्त पोराला हं.

बेल्टला भेगाही पडलेल्या, म्हणून नवाच टाकला. मग मीटरवर 14.2. साहेब हळूच विचारतात, "मग जुनी बॅटरी चांगली होती का रे?" पोरगं म्हणालं, तपासल्याशिवाय कसं सांगू, पण चार्जरवर लावून बघायला हवी होती. आणि गंमत म्हणजे जुनीची वॉरंटी अजून सहा महिने शिल्लक! कार्ड वहिनींच्याच कपाटात.

तुमच्याकडेही सकाळी गाडी कुरकुरते ना? त्या पोराला बोलवा, पण मीटर लावल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ देऊ नका तुमच्या ह्यांना. आणि हे मी सांगितलं म्हणून सांगू नका बाई.