अळणी उत्तरांचे आचारी, श्री. गाईडराव यांस

प्रति,
श्री. गाईडराव,
चकचकीत मुखपृष्ठ, पुस्तकांच्या दुकानाचा दर्शनी भाग.

विषय : माझ्या वर्गाचे स्वमत परत मिळण्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि. पत्राचा हा नमुना आपल्याच पानांवरून उचलला आहे, राग नसावा. जसाच्या तसा उतरवला की पूर्ण गुण मिळतात, असं माझे विद्यार्थी सांगतात.

काल रात्री दहावीच्या ४२ वह्या तपासल्या. वर्गात 'श्यामची आई'मधली 'अळणी भाजी' ही गोष्ट वाचून दाखवली होती. प्रश्न साधा होता : श्यामच्या वडिलांबद्दल तुम्हाला काय वाटतं? पाठाचा आधार देऊन एक परिच्छेद लिहा. त्यावर ३१ वह्यांत एकच वाक्य : 'प्रस्तुत पाठातून लेखकाने मानवी जीवनातील उदात्त मूल्यांचे हृदयस्पर्शी दर्शन घडवले आहे.' गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्यात छापलेलीच नाही. प्रश्न आपल्याला ठाऊक नसताना उत्तर मात्र वेळेवर हजर! याला म्हणतात सेवा.

मी ते वाक्य घरी इतरत्र लावून पाहिलं. चिमणीच्या कवितेला बसलं, सैनिकाच्या पत्राला बसलं, पाणीटंचाईवरच्या लेखालाही बसलं. दूधवाल्याच्या बिलाखाली लिहिलं असतं तर तिथेही शोभलं असतं. गाईडराव, ज्याला पुरावाच लागत नाही असं विधान करायला फार मोठी साधना लागते.

घोकंपट्टी थांबावी म्हणून प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. मुलांनी स्वतःचं काही म्हणावं म्हणून 'स्वमत' आलं. आपण डगमगला नाहीत. पुढच्याच आवृत्तीत तयार स्वमत छापून मोकळे! रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे आले, तर आपण तीन डबे भरून दिलेत. मुलांनी झाकणंही उघडली नाहीत. कवितेतली एक ओळसुद्धा न घेता तिची भाषा 'साधी, सोपी व ओघवती' ठरवून टाकली.

परिच्छेद कसा बांधावा, हे आपल्याला कुणी शिकवलं नसेल असं मी म्हणणार नाही. मराठीत तर ते सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच सांगून झालंय. महानुभावांचा 'दृष्टान्तपाठ' उघडून पाहा. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. म्हणजे आधी आपलं म्हणणं, मग ते पटवणारी गोष्ट आणि शेवटी त्या गोष्टीचा आपल्या म्हणण्याशी काय संबंध, याचा उलगडा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टान्त त्यातलाच. त्यांची मतं अपुरी होती खरी, पण निदान प्रत्येकाने हत्तीला हात तरी लावला होता! आपल्या कृपेने माझी मुलं हत्तीच्या वाऱ्यालाही उभी न राहता त्याचं हृदयस्पर्शी दर्शन घडवतात.

आता आपल्या धंद्याला लागलेली एक वाळवी दाखवते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलंय : 'वडील प्रेमळ आहेत पण मला ते थोडे चुकले असं वाटतं. भाजीत मीठ नव्हतं तरी ते गप्प जेवले, म्हणून मुलंपण गप्प राहिली. आई जेवायला बसली तेव्हा तिला कळलं. त्यांनी आईला दुखवायचं नाही म्हणून सांगितलं नाही, पण तिला शेवटी वाईट वाटलंच ना.' शुद्धलेखन यथातथाच. 'उदात्त' शब्द कुठेही नाही. पण सूत्र आहे, त्याला गोष्टीतला प्रसंग आहे आणि त्या प्रसंगातून ती काय समजली तेही आहे. श्यामच्या वडिलांशी वाद घालायची हिंमत आहे. तो वाद तिला आपल्या कुठल्याही पानावर मिळाला नसता.

इथवर सगळा दोष आपल्या पदरात घातला. आता त्यातला थोडा माझ्या पदरात घेते. या मुलीच्या उत्तरासारख्याच एका उत्तरावर गेल्या वर्षी मी लाल शाईने 'मुद्देसूद लिहा' असा शेरा मारला होता. आणि आपल्या वाक्यांखाली? बरोबरच्या खुणा. आपलं उत्तर तपासायला अर्धं मिनिट पुरतं. मुलीचं उत्तर वाचावं लागतं. त्यासाठी पुस्तक उघडून तो प्रसंग पुन्हा बघावा लागतो. श्यामचे वडील अळणी भाजी गुमान जेवले ते करणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. मी आपली अळणी उत्तरं वर्षानुवर्षं गिळत आले ती वह्यांचा गठ्ठा लवकर संपावा म्हणून. तेव्हा आपण एकटे गुन्हेगार नाही. आपण आचारी, मी वाढपी.

काल रात्री त्या ३१ वह्यांत आपल्या वाक्यासमोर समासात दोनच शब्द लिहिले : 'कशावरून म्हणतेस?' किंवा 'कशावरून म्हणतोस?' सकाळी वह्या परत दिल्या. पाच मिनिटं वर्ग गप्प होता. मग एकाने हळूच विचारलं, ''बाई, ते कुठल्या पानावर आहे?'' मी विचारलं, ''गाईडच्या?'' तो म्हणाला, ''नाही, गोष्टीच्या.''

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

आपली,
एक माजी वाढपी
(मराठीच्या बाई)