केबिनमधले अण्णा

सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वरचं तळं आहे, कंबर तलाव आहे आणि लांब भीमेवर उजनी आहे. उजनीचं पाणी शहरातल्या नळाला चार-पाच दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे तीनला. त्यामुळे मिळेल तेव्हा भरून ठेवायचं, हे सोलापूरकराच्या हाडात मुरलेलं आहे. अशा गावचा माणूस क्रूझवर जातो तेव्हा तो तिथंही भरूनच ठेवतो. चहूकडे पाणी असल्यामुळे ते सोडून बाकीचं सगळं.

या माणसाला आपण अण्णा म्हणू. साठीनंतर सोलापुरात निम्मे पुरुष अण्णा असतात आणि उरलेले मालक. आपल्या अण्णांचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान आहे आणि मुलगा हिंजवडीत. २०१८ ला मुंबई–गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली तेव्हा अण्णांनी बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला होता. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज मुंबईहून फिरू लागलं आणि मग गड्ड्याच्या यात्रेत भेटणारा दर तिसरा पाहुणा जहाजावरचा फोटो दाखवू लागला. शेवटी मुलानंच तिकीट काढलं आणि सोबत नियमांचा कागद पाठवला.

"पप्पा, वाचलं का? बाहेरचं खाणं चालत नाही."

"बाहेरचं कुठं आहे बे? घरचंच आहे की सगळं."

वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, आक्षेप निराळा. "अहो, तिथं म्हणे दिवसातनं पाच वेळा खायला देतात."

"देतील की. पण तोंडी लावायला?"

या प्रश्नाला जगातल्या एकाही क्रूझ कंपनीकडं उत्तर नाही, त्यामुळे बॅग भरली जाते. तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगा चटणी दोन किलो, कडक भाकरीची पाकिटं, शेंगापोळ्या, खारे दाणे आणि 'फक्त गाडीपुरते' म्हणून वीस धपाटे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री जेवणं झाल्यावर सुटते, तरी कुर्डुवाडी यायच्या आत पहिला धपाटा बाहेर आलेला असतो. सकाळी सीएसएमटीला उतरायचं. तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. पण अण्णा टॅक्सी करतात. चटणीला धक्के नकोत.

बंदरावर बॅग मशीनमधून जाते. २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या क्रूझवर अमली पदार्थांसाठी धाड पडली आणि महिनाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. तेव्हापासून अशा जागी पुडी हा प्रकार जपून हाताळावा लागतो. अण्णा जपत नाहीत. "पुडी आहे, घ्या चिमूटभर," असं ते तपासणाऱ्यालाच म्हणतात. वर ऐकवतात, "आमच्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली बोटीनं चीनला गेले. त्यांना कुणी विचारलं होतं का, पिशवीत काय म्हणून?" विचारलं होतं की नाही, हे तपासणाऱ्याला ठाऊक नसतं. मागं रांग वाढत असते. अण्णा आत जातात.

इथं जहाजवाल्यांची बाजूही सांगायला हवी. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक क्रूझ कंपन्या चढू देत नाहीत, कारण एकाचं पोट बिघडलं की बुफेतल्या डावांवरून नोरोव्हायरस हजारभर माणसांत फिरतो. कारखान्यातलं बंद पाकीट पुष्कळ ठिकाणी चालतं. विजेची किटली, इस्त्री, इंडक्शन नको म्हणतात ते आगीच्या भीतीनं, आणि भर समुद्रात आगीचा बंब येत नाही, हे पटण्यासारखं आहे. अण्णांना पटतंही. तरी मुलाच्या नकळत एक छोटी किटली टॉवेलात गुंडाळून येतेच आणि बंदरावर जमा होते. तिची पावती अण्णा पाकिटात दुकानाच्या बिलासारखी जपून ठेवतात.

जहाजावर अण्णा बुफेवर रागवत नाहीत. उलट तिथं ते मन लावून जेवतात. पास्त्यावर खिशातल्या पुडीतली चटणी पेरतात आणि शेजारच्या टेबलावरच्या गुजराती कुटुंबाकडं बघतात. त्या टेबलावरही थेपले निघालेले असतात. नजरानजर होते, देवाणघेवाण होते. पण हे सगळं वरवरचं. खरं जेवण केबिनमध्ये. बुफे बंद व्हायच्या आधी अण्णा एक फेरी मारतात: चार केळी, सहा पाव, लोण्याच्या वड्या, जामच्या इवल्या बाटल्या आणि दह्याची वाटी. रात्रीत भूक लागेल म्हणून नव्हे, उद्या बुफे उघडेल याची खात्री काय, म्हणून. तिसऱ्या दिवशी केबिनमधला छोटा फ्रीज मिटत नाही आणि कपाटात लाइफजॅकेटच्या मागं कडक भाकरी उभी असते.

मग पलंगावर पेपर अंथरायचा, दह्यात चटणी कालवायची आणि भाकरी मोडायची. कडक भाकरी मोडताना जो आवाज होतो तो त्या पातळ भिंतींतून तीन केबिनपर्यंत जातो. साफसफाईला येणारा पोरगा रोज टॉवेलाचा हत्ती करून ठेवतो; वहिनी तो उचलून त्या जागी डबा ठेवतात. पोराला लसणाचा वास कळतो, नियमही माहीत असतात. घरापासून सहा-सहा महिने लांब राहणारा तो पोरगा तक्रार कुणाकडं करणार? अण्णा त्याला भाकरीचा तुकडा देतात आणि कामगार संघटना आपल्या बाजूला आली असं मानतात.

नियम बदलतात, हे अण्णांचं मोठं हत्यार आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २०१५ साली केबिनमध्ये जेवण मागवायला ७.९५ डॉलर लावले. त्याच वर्षी बुफेतलं ताट केबिनमध्ये न्यायला बंदी घातली, प्रवासी खवळले, बंदी मागं घेतली. २०१७ ला रॉयल कॅरिबियननंही खोलीतल्या जेवणावर तेवढेच ७.९५ लावले. आकडा ऐकून अण्णा हसतात. ३९९ ची साडी त्यांनी आयुष्यभर विकलेली आहे. "आठ म्हणायची लाज वाटली वाटतं." बंदी येते, बंदी जाते, आपण आपलं भरून ठेवावं. महापालिकेचं पाण्याचं वेळापत्रकही ते याच श्रद्धेनं वाचतात.

या पंथाचे मूळपुरुष सोलापूरचे नाहीत, हे मात्र अण्णांना सांगू नका. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह १९०२ साली एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाला विलायतेला निघाले, ते 'ऑलिंपिया' नावाचं अख्खं जहाज भाड्यानं घेऊन, गंगाजळ भरलेले चांदीचे अवाढव्य घडे सोबत ठेवून. एकेक घडा सुमारे ३४५ किलोचा. त्यातले दोन आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये बघायला मिळतात. त्या मानानं दोन किलो चटणी म्हणजे सोलापूरकरानं दाखवलेला संयमच म्हटला पाहिजे.

अण्णा आता सिंगापूरच्या क्रूझचं मनावर घेतायत, म्हणून एक सांगणं. वहिनी, अनारसे घरीच ठेवा. त्यावरची खसखस सिंगापुरात बंदी असलेल्या मालात मोडते आणि तिथले अधिकारी चिमूटभर चाखून सोडून देणाऱ्यांतले नाहीत. चटणी दुकानातल्या छापील बंद पाकिटातली घ्या. किटली नेऊ नका, एक पावती पुरे झाली. आणि शेजारच्या केबिनमध्ये कुणी असेल त्यांना विनंती, की रात्री अकराला काहीतरी मोडल्याचा आवाज आला तर खाली रिसेप्शनला फोन लावू नका. हात धुऊन दार वाजवा.