व्यत्यय

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. राहतात म्हणजे बहुतेक वेळ झोपलेलेच असतात. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. त्यामुळे बारा वर्षांच्या शेजारात त्यांच्या बोलण्यापेक्षा घोरण्याशीच माझा परिचय जास्त. पोरं त्यांना ‘टीव्हीकाका’ म्हणतात, मोठी माणसं ‘आपले टीव्हीवाले’ म्हणतात आणि त्यांच्या मातोश्री ‘बाळ्या’ म्हणतात. बाळ्या पंचेचाळिशीचा आहे आणि एका बातम्यांच्या चॅनलमध्ये कायमचा नाइटला आहे.

टीव्हीत असून टीव्हीवर न दिसणं हे त्यांचं मूळ दुखणं. लग्न जुळवताना मध्यस्थाने ‘मुलगा टीव्हीत आहे’ एवढंच सांगून ठेवलं होतं. मुलीकडच्यांनी ओळीने चार रात्री जागून चॅनल बघितलं. मुलगा काही दिसेना. शेवटी मुलीच्या मामांनी बैठकीत विषय काढलाच, “नोकरी आहे ना नक्की?” त्यावर आमचे काका म्हणाले, “मी तिथे असतो म्हणून बाकीचे दिसतात.” हे वाक्य मुलीला इतकं आवडलं की तिने तिथल्या तिथे होकार दिला. आता काकू म्हणतात, “तेव्हाच अर्थ कळायला हवा होता हो. मी घरात कधी दिसणार नाही, असंच सांगत होते ते.”

काका बसतात त्या खोलीला एमसीआर म्हणतात, म्हणजे मास्टर कंट्रोल रूम. तिला खिडकी नाही. एसी इतका कडक की मे महिन्यात डोंबिवलीहून निघताना हा माणूस पिशवीत स्वेटर भरतो. समोर भिंतभर मॉनिटर. एकावर मेन, एकावर बॅकअप, एकावर आपलं चॅनल उपग्रहावरून परत खाली कसं येतंय ते आणि उरलेल्यांवर दुसऱ्यांची चॅनलं. रात्री बारानंतर बुलेटिन रिपीट, मग गुडघेदुखीच्या तेलाची अर्ध्या तासाची जाहिरात, पहाटे राशिभविष्य. ही सगळी माळ, म्हणजे प्लेलिस्ट, सेकंदाच्या हिशोबाने लावायची आणि पडदा काळा होऊ द्यायचा नाही. पडदा काळा झाला की त्याला ‘ब्लॅक गेलं’ म्हणतात. आवाज बंद पडला तरी तेवढाच गुन्हा. काही सेकंद ब्लॅक किंवा काही सेकंद शांतता झाली की खोलीत अलार्म ठणाणा करायला लागतो. बाकीची माणसं आवाजाने दचकतात. काकांना नोकरीने शांततेला दचकायला शिकवलंय.

या कामाचा एक चमत्कारिक गुण आहे. ते उत्तम झालं की कुणालाच कळत नाही. स्वयंपाक चांगला झाला तर निदान भात तरी पुन्हा मागतात. काकांनी वीस वर्षांत कोट्यवधी सेकंद सुखरूप पार पाडले, पण ‘चित्र छान दिसतंय हं’ असं सांगायला त्यांना एकाही माणसाचा फोन आला नाही. चित्र तीन सेकंद गेलं की मात्र संपादकांपासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांचा नंबर पाठ असतो.

जाण्यायेण्याच्या बाबतीत मात्र देवाने त्यांना डोंबिवलीकराच्या स्वप्नातलं दान दिलंय. सगळी डोंबिवली मुंबईहून परत येते तेव्हा ते मुंबईला निघतात. सकाळी सगळी डोंबिवली मुंबईला निघते तेव्हा ते परत येतात. दोन्ही वेळा बसायला जागा आणि तीही खिडकीशी! ज्या जागेसाठी इथे पिढ्या झिजल्या, तिचा उपयोग हा माणूस कशासाठी करतो? झोपण्यासाठी. महिन्यातून एकदा तरी डोंबिवली झोपेत निघून जाते आणि डोळे उघडतात ते थेट कर्जतला. मग काका फलाटावर दोन वडे खातात, दोन बांधून घेतात आणि परतीच्या गाडीत बसतात. ती गाडी गर्दीची. तिच्यात उभ्याने येताना त्यांना जन्मजात डोंबिवलीकर असल्याची जाणीव होते. काकूंना मात्र वड्यांचं पुडकं बघितलं की काही विचारावं लागत नाही.

सकाळी साडेआठला हा माणूस घरात शिरतो, आणि काकूंपुढे रोजचा धर्मप्रश्न उभा राहतो. यांना पोहे द्यायचे की वरणभात? घड्याळ न्याहारी म्हणतं, पोट रात्रीचं जेवण म्हणतं. एकदा काकांनी शनिवारचा उपवास रात्री बारानंतर कॅन्टीनमधल्या अंडाभुर्जीने सोडला. आजींचं, म्हणजे काकांच्या मातोश्रींचं म्हणणं, सूर्य उगवेपर्यंत शनिवारच. काकांचं म्हणणं, लॉगबुकात रविवारची तारीख पडली होती. हा वाद अजून निकाली निघालेला नाही. नरकचतुर्दशीची तर गोष्टच नको. सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान न करणारा नरकात जातो म्हणतात. काका दर वर्षी नऊ वाजता आंघोळ करतात. बिल्डिंगमधल्यांचा फराळ संपून दुपारच्या झोपेची तयारी चालू असते आणि हे एकटे अंगणात कारीट फोडत असतात. “नरकाची काळजी नाही,” ते म्हणतात. “तिथेही मला नाइटच देतील.”

नऊ वाजता ते पडदे ओढून आडवे होतात आणि बरोबर त्याच मुहूर्तावर बिल्डिंग जागी होते. भंगारवाला येतो. कुकर शिट्ट्या देतो. चौथ्या मजल्यावर गेली दोन वर्षं कुणीतरी टाइल्स बदलतंय. पूर्वी काकांनी दारावर पाटी लावली होती, ‘नाइट करून झोपलो आहे. बेल वाजवू नये.’ तिचा परिणाम असा झाला की कुरिअरवाला बेल वाजवून विचारायचा, “साहेब, बेल वाजवू नये लिहिलंय, मग पार्सल कसं देऊ?” एकदा सेक्रेटरींनी बेल वाजवली, पाटी लावायला कमिटीची परवानगी घेतली होती का ते विचारायला. काकांनी पाटी काढून टाकली. आता ते टाइल्सच्या मशीनच्या आवाजातही गाढ झोपतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. ज्याच्या जिवावर अख्ख्या महाराष्ट्राचा टीव्ही रात्रभर चालतो, त्याच्या घरचा टीव्ही कधीही धड नसतो. आजींच्या टीव्हीवर जुनी गाणी लागतात ती आडवी ताणून. चारास तीनचं चौकोनी चित्र सोळास नऊच्या लांबट पडद्यावर ओढलं की सगळ्या नायिका दहा-दहा किलोंनी वाढतात. काकांना ते बघवत नाही. एका रविवारी त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन चित्र मुळाबरहुकूम केलं. आजी ओरडल्या, “बाळ्या, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या!”

“आई, चित्र तेवढंच आहे.”

“मग पैसे का अख्ख्या टीव्हीचे घेतले?”

याला अभियांत्रिकीत उत्तर नाही. नायिका पुन्हा गुटगुटीत झाल्या.

स्वतः काका टीव्ही बघूच शकत नाहीत. ते बातमी बघत नाहीत, बातमी देणाऱ्याचे ओठ बघतात. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या पुढे साधारण ४५ मिलिसेकंद पळाला की माणसाला खटकायला लागतं, पण मागे राहिला तर १२५ पर्यंत खपून जातं. असं का, हे त्यांनी मला जिन्यात उभ्या उभ्या समजावलं होतं. वीज आधी चमकते आणि गडगडाट नंतर येतो. धोब्याचा हात आधी खाली येतो, आपटल्याचा आवाज मागून. निसर्गात आवाज उशिराच पोचतो, त्यामुळे उशीर आपण चालवून घेतो. आधी आवाज आणि मग माणूस असं कुठेच घडत नाही. एवढ्यात खालच्या मजल्यावरून काकूंची हाक आली आणि पाठोपाठ दीड मिनिटाने काकू आल्या. काका म्हणाले, “अपवाद असतात.”

बिल्डिंगने त्यांना फुकटचा टीव्ही मेकॅनिक नेमून टाकलंय. रिमोटचे सेल संपले तरी माणसं त्यांनाच उठवतात. त्यातून क्रिकेटचा सामना असला की विचारू नका. पहिल्या मजल्यावर विकेट पडल्याचा आरडाओरडा होतो, तेव्हा आमच्याकडे गोलंदाज अजून चेंडू पुसत असतो. सगळ्यांनी काकांना धरलं, “पहिल्या मजल्याला आधी का दाखवता?” काका चुन्याने भिंतीवर आकृती काढून बसले. उपग्रह वर ३६,००० किलोमीटरवर. चॅनलचं चित्र वर जातं, खाली छत्रीवाल्या कंपनीच्या केंद्रात येतं, तिथून पुन्हा वर जातं आणि मग आपल्या गच्चीवर उतरतं. झाला पल्ला १,४४,००० किलोमीटरचा, त्यालाच अर्धा सेकंद लागतो. वाटेत जागोजागी चित्राची घडी घालायची आणि उलगडायची, त्यात आणखी काही सेकंद. ज्याची वाट वेगळी, त्याचा उशीर वेगळा. सगळं ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, “स्टुडिओ तर इथून चाळीसच किलोमीटर आहे. सरळ का नाही पाठवत?”

पावसाळ्यात काकांची जास्तच पंचाईत होते. चॅनलचा उपग्रहाशी व्यवहार चालतो तो सी-बँडवर. त्या लहरी लांब, पावसाला फारशी दाद देत नाहीत. गच्चीवरच्या घरगुती छत्रीला येतात त्या केयू-बँडच्या आखूड लहरी. जोराची सर आली की त्या थेंबांतच विरतात. म्हणजे ‘डोंबिवलीत मुसळधार’ ही बातमी काकांच्या मॉनिटरवर झळझळीत, साऱ्या महाराष्ट्रात झळझळीत, फक्त डोंबिवलीत दिसत नाही. आजी फोन करतात, “बाळ्या, टीव्ही गेला. पाऊस आहे का बघून सांग.”

पाऊस नसला तर ऊन आहेच. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस असे येतात की दुपारी सूर्य, उपग्रह आणि छत्री एका रेषेत येतात. सूर्याच्या कल्लोळात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो आणि चार-दोन मिनिटं चित्र फाटतं. खात्यात याला ‘सन आउटेज’ म्हणतात. गेल्या ऑक्टोबरात आजींनी ऐन भरदुपारी काकांना गदागदा हलवून उठवलं. काका झोपेतच पुटपुटले, “आई, तो सूर्य आहे. मला काही करता येणार नाही.” आजींनी शांतपणे टीव्हीसमोरूनच सूर्याला हात जोडले. पाच मिनिटांत चित्र आलं. तेव्हापासून आजींचा काकांच्या शिक्षणावरचा विश्वास उडालाय.

आजींचं एकूणच मत असं की बाळ्या चुकीच्या काळात टीव्हीत गेला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा आजी नव्या नवरी होत्या. चाळीत एकाकडे टीव्ही आणि सगळी चाळ त्याच्याकडे. अँटेनावर कावळा बसला की एक मुलगा गच्चीवर, एक जिन्यात, एक दारात. “आलं का?” “नाही!” “आता?” चित्र गेलं की पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी लागायची आणि माणसं निमूट बसून ती पाटी वाचायची. “आणि रात्री टीव्हीसुद्धा झोपायचा रे,” आजी म्हणतात. “आता तो झोपत नाही, म्हणून तुला झोप नाही.” चॅनलमधल्या कुठल्याही मॅनेजरने काकांच्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन केलेलं नाही.

परवाची गोष्ट. मे महिना, दुपारी साधारण एक. चौथ्या मजल्यावर मशीन किरकिरत होतं, तिघांकडे मिक्सर, आजींकडे टीव्ही फुल आवाजात, आणि भिंतीपलीकडे काकांचं घोरणं एका लयीत. एकाएकी दिवे गेले. दुरुस्तीसाठी वीज बंद, सूचना तळमजल्याच्या फळ्यावर होती, म्हणजे कुणीच वाचली नव्हती. मशीन थांबलं, मिक्सर थांबले, पंखे फिरत फिरत निवले. बिल्डिंगमध्ये इतकी शांतता मी आजवर ऐकली नव्हती.

पाच सेकंद गेले असतील. शेजारचं दार धाडकन उघडलं आणि बनियन-लुंगीतले काका जिन्यात धावत आले. “ब्लॅक गेलं! बॅकअप घ्या, बॅकअप!”

बॅकअप म्हणून काकूंनी हातपंखा आणला. काका भानावर आले, ओशाळले आणि पायरीवरच बसले. एव्हाना सगळी बिल्डिंग जिन्यात जमली होती. दिवसाउजेडी जागे काका बघायला मिळणं ही पोरांना पर्वणी. कुणी कैरीचं पन्हं आणलं. हेडक्लार्कांनी त्या एक लाख चव्वेचाळीस हजार किलोमीटरचा विषय पुन्हा काढला. काका रंगात येऊन सांगत होते, माणसं ऐकत होती, आणि कुठल्याच पडद्यावर काही चालू नव्हतं.

तासाभराने वीज आली. हेडक्लार्क वाक्य अर्धवट टाकून उठले. अर्ध्या मिनिटात जिना रिकामा. घराघरांतून टीव्ही सुरू झाल्याचे आवाज यायला लागले. काका एकटेच पायरीवर, हातात पन्ह्याचा रिकामा पेला. सवयीने त्यांनी मान घराकडे वळवली आणि चाळीतल्या पोरासारखं ओरडून विचारलं,

“आलं का?”

आजी आत दिसेल ते बटण दाबत होत्या. क्षणभराने त्यांचा आवाज आला, “आलं रे बाळ्या! छान दिसतंय!”

वीस वर्षांत पहिल्यांदाच हे कुणीतरी त्यांना सांगत होतं. काकांचा चेहरा असा काही उजळला की मी दारातच थबकलो. ते उठले, लुंगी सावरली आणि एक पाय घरात टाकला.

“पण आवाज गेलाय!” आजी ओरडल्या.

“म्यूट दाबलंयस, आई,” काका म्हणाले आणि आत गेले. पाच मिनिटांत चौथ्या मजल्यावरचं मशीन सुरू झालं, आणि त्याच्या लयीत लय मिसळून भिंतीपलीकडचं घोरणंही.