सिंकखालचे काका

न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेतलं की पहिल्या महिन्यात दोन माणसं दारी येतात. एक मराठी मंडळाची वर्गणी मागणारा आणि दुसरे सिंकखालचे काका. पहिल्याला टाळता येतं.

काका रेगन अध्यक्ष असताना सांगलीहून आले. प्लंबरचा तासाचा दर ते अजून रुपयांत सांगतात आणि वर आपला सांगलीतला पहिला पगार ऐकवतात. खिशात पेनाशेजारी छोटी पाणसळ. गेल्या गणपतीत ती चौरंगावरही ठेवून पाहिली होती.

आमच्याकडे चहा होईतो ते सिंकखालच्या कपाटात शिरले. बाहेर उरले नुसते पाय. आतून आवाज आला, "नवीन डिस्पोजर लावलात, त्याचं तोंड भिंतीतल्या पाइपापेक्षा खाली आलंय. पाणी काय जिने चढणार? फुटाला पाव इंच ढाळ हवा, ढाळ!"

"पण त्याची ब्लेडं—"

"ब्लेडं नसतात त्यात! खरकटं गरगर फिरून कडेच्या कड्यावर घासलं जातं." मग इतिहास. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ साली हे यंत्र शोधलं. "त्याच्या घरी शेवग्याची आमटी होत नव्हती, म्हणून तो सुखी!" आमच्या यंत्रातून शेवग्याचे धागे सुंभासारखे निघाले. त्यामागून चतुर्थीचा साबुदाणा, चांगला फुगलेला.

खालचा वाकडा पी-ट्रॅप मात्र काकांनी हलक्या हाताने सोडवला. त्यात अडून राहिलेल्या पाण्यामुळेच गटाराचा वास वर येत नाही. "घराची अब्रू या वाटीभर पाण्यावर असते," म्हणाले. मला उगाच हुशारी सुचली. "मग एकापुढे एक दोन ट्रॅप लावू या का?"

काका पहिल्यांदाच पूर्ण बाहेर आले.

"मध्ये हवा कोंडते. मंडळात दोन खजिनदार नेमून पाहिले होते, वर्षभर पैसा हलला नाही."

भिंत फोडून पाइप खाली घ्यायला तीन रविवार गेले. उपकार फेडायला पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर काकू ताटातलं खरकटं जुन्या पेपरात गुंडाळत होत्या.

"काकू, डिस्पोजर?"

"छे! वापरला की बिघडतो, आणि बिघडला की हे दिवसभर खाली."

तेवढ्यात सिंकखालून आवाज आला, "न वापरल्यानेच जाम झालाय हा!"