देवीच्या पायावर जेवणावळ

आमच्याकडे बारसं ठरलं की नावाच्या अर्थावरून आत्या आणि काका अबोला धरतात. म्हणून मी परक्या मुलींची नावं शोधत बसतो. तिथे रुसायला कुणी येत नाही. सध्या अर्मेनियातल्या 'अनाहित'वर मुक्काम आहे. नाव मूळचं इराणी, अनाहिता या जलदेवतेचं, अर्थ निष्कलंक. इथपर्यंत सगळं सोवळ्यातलं. पुढे मात्र देवीची पार धूळधाण.

अर्मेनियात एरेझला तिचा भरीव सोन्याचा पुतळा होता. मार्क अँटनीच्या स्वारीत रोमन सैनिकांनी तो लुटला. पुढे बोलोन्यात सम्राट ऑगस्टस एका म्हाताऱ्या सैनिकाकडे जेवायला गेला. देवीला पहिला हात लावणारा म्हणे आंधळा होऊन मेला, खरं का, असं त्यानं विचारलं. यजमान म्हणाला, तो मीच, आणि महाराज आत्ता जेवताहेत ते तिच्या पायाच्या जिवावर! ही हकिकत रोमन लेखक प्लिनीनं नोंदवली आहे. सम्राटानं नंतर भाजी पुन्हा मागितली का, हे मात्र नाही.

अनाहितला हार वाहायला नकार दिला म्हणून अर्मेनियाचा राजा त्रदात यानं ख्रिस्ती असलेल्या ग्रेगरीला खोर विरापच्या विवरात टाकलं. परंपरा सांगते, 13 वर्षं. मग त्याच ग्रेगरीनं राजाला ख्रिस्ती केलं (रूढ साल 301) आणि देवीची देवळं पाडली. एवढं वैर झाल्यावर हे नाव कोण ठेवील? अर्मेनियन आया ठेवतात, आणि वर ग्रेगरीच्याच चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा करून घेतात!

मला आवडते ती अर्मेनियन लेखक गाझारोस अगायानच्या 1881च्या कथेतली अनाहित. गावातली साधी पोर. राजपुत्र वाचागान मागणी घालतो, तर ही विचारते, हातात कसब काय? राज्य आहे, हे उत्तर तिला चालत नाही. राज्य आज आहे, उद्या नाही. बिचारा जरीचं कापड विणायला शिकतो. पुढे कैदेत पडतो तेव्हा कापडातच निरोप विणून बायकोला धाडतो, आणि ती फौज घेऊन येऊन त्याला सोडवते. आपल्याकडे मुलाचं पॅकेज विचारतात, कसब कुणी विचारत नाही.

मुंबईच्या पारशी घरांत अनाहिता अजून भेटतात. स्थळ घेऊन जाणाऱ्यांनी आधी काहीतरी विणायला शिकून घ्यावं.